परतीच्या तिकिटापासून सुरुवात करा: मराठवाड्यातून अंदमानला स्कूबा डायव्हिंगसाठी जाताना

आमच्याकडे पोहणं विहिरीत शिकतात. पाठीला वाळका भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधायचा, काकांनी वरून दोर धरायचा आणि पोरानं डोळे मिटून मुटका मारायचा. लातूरजवळच्या आमच्या शेतातल्या विहिरीत मीही असाच शिकलो. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की तळाची माती मुठीत घेऊन वर यायची पैज लागायची. मुठीत माती घेऊन वर येणाऱ्या त्या पोराला पुढे समुद्राच्या तळाशी काय असतं ते बघायची ओढ लागली नसती तरच नवल.

पण अंदमानच्या पहिल्याच सहलीत मी मोठी चूक केली. परतीचं विमान स्वस्त मिळालं म्हणून तिकीट आधी काढून ठेवलं, दुपारी दोनचं. त्याच्या आदल्या दुपारी दोन डाइव्ह, म्हणजे सिलिंडर लावून मारायच्या बुड्या, आणि निघायच्या सकाळी आणखी दोन, असं मनाशी ठरवलं. बेटावर पोचल्यावर प्रशिक्षकानं पहिला प्रश्न विचारला, "परतीचं विमान कधी आहे?" तिकीट बघून त्यानं पेन काढलं आणि माझ्या चार डाइव्हवर काट मारली. शेवटचा सगळा दिवस मी किनाऱ्यावर बसून बोटी जाताना पाहिल्या. म्हणून पुढचं सगळं मी परतीच्या दिवसापासून मागे मागे मोजत सांगणार आहे.

आधी परतीचा दिवस, मग बाकीचे

पाण्यात दर १० मीटरला दाब समुद्रसपाटीवर हवेचा असतो तेवढ्यानं वाढतो. जमिनीवर एक, १० मीटरवर दोन, ३० मीटरवर चार. या दाबाखाली सिलिंडरमधली हवा श्वासात घेतली की तिच्यातला नायट्रोजन रक्तात, चरबीत, सांध्यांत विरघळत जातो. हळूहळू वर आलात तर तो श्वासावाटे बाहेर पडतो, पण सगळा लगेच नाही. उरलेला बाहेर पडायला तास लागतात. त्या तासांत विमानात बसलात तर केबिनमधला दाब १८०० ते २४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तेवढाच असतो. दाब कमी झाला की उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात आणि ते सांध्यांत, मज्जातंतूंत अडकतात. सांधे ठणकण्यापासून पाय लुळे पडण्यापर्यंत काहीही होऊ शकतं.

म्हणून नियम असा: एकच साधी डाइव्ह केली असेल तर विमानाआधी किमान १२ तास, एकाहून जास्त किंवा रोज डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तास. मी सरळ २४ तास धरतो आणि तुम्हीही तेच धरा. परतीचं विमान सकाळी ११ चं असेल तर शेवटच्या डाइव्हमधून आदल्या दिवशी ११ च्या आत बाहेर. त्यानंतर पाण्यात पोहा, वाळूत बसा, पण सिलिंडर नाही.

आपल्या लोकांच्या बाबतीत यात आणखी एक गोष्ट आहे आणि ती कुणी सांगत नाही. नियम फक्त विमानाला लागू नाही, उंचीला आहे. डायव्हिंगमध्ये ३०० मीटरच्या वरची जागा उंचावरची धरतात. आपला जवळजवळ सगळा मराठवाडा त्याच्या वर आहे. छत्रपती संभाजीनगर तर साडेपाचशे मीटरच्या पुढे. बरेच जण मालवण-तारकर्लीला जातात, रविवारी सकाळी डाइव्ह करतात, दुपारी मासे-भात खाऊन गाडी काढतात आणि संध्याकाळी आंबोली, फोंडा किंवा करूळचा घाट चढतात. म्हणजे समुद्रसपाटीवरून दीड-दोन तासांत सहाशे-सातशे मीटर वर. ताशी चाळीसच्या वेगानं गाडी चढली काय आणि विमान चढलं काय, शरीरातल्या नायट्रोजनला फरक कळत नाही. तेव्हा मालवणला डाइव्ह शनिवारी सकाळी करा, रविवार किल्ला आणि बाजारासाठी ठेवा, आणि मग घाट चढा.

कुठे जायचं

बेटावर खोली घेऊन रोज बोटीनं जाऊन डाइव्ह करायची, की आठवडाभर बोटीवरच राहायचं, हे दोन प्रकार आहेत. पहिल्या काही सहलींसाठी मी बेटावरच्या मुक्कामाचा आग्रह धरतो. एखाद्या दिवशी कान दुखला तर सुट्टी घेता येते, आई-वडील किंवा लहान मुलं बरोबर असतील तर त्यांचा दिवस किनाऱ्यावर चांगला जातो, आणि न आवडणारं डाइव्ह सेंटर बदलता येतं. भर समुद्रातल्या बोटीवर यातलं काहीच नाही.

अंदमान पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सर्वांत सोपं. भारतीयांना परवाना लागत नाही, हिंदी चालते, रुपये चालतात. हॅवलॉकला २०१८ पासून स्वराज द्वीप आणि नीलला शहीद द्वीप म्हणतात. पोर्ट ब्लेअर २०२४ पासून श्रीविजयपुरम झालं. तिकिटं शोधताना जुनी आणि नवी दोन्ही नावं टाका. स्वराज द्वीपला नवशिक्यांसाठी निमो रीफ, लाइटहाउस यांसारख्या उथळ जागा आहेत आणि शिकलेल्यांसाठी डिक्सन्स पिनॅकल, जॉनीज गॉर्ज यांसारख्या खोल. शहीद द्वीप लहान, शांत. वर्दळ नको असेल तर तिकडे राहा.

लक्षद्वीपचं पाणी फार सुंदर, पण तिथे भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो, विमान कोचीहून अगत्तीला जातं आणि जागा थोड्या. दोन-तीन महिने आधी हालचाल करू शकत असाल तरच. मालदीवला महागड्या रिसॉर्टऐवजी माफुशी किंवा धिगुरासारख्या स्थानिक वस्तीच्या बेटांवर गेस्ट हाउसमध्ये राहता येतं. धिगुराच्या भागात वर्षभर व्हेल शार्क दिसू शकतो. भारतीयांना व्हिसा तिथे उतरल्यावर मिळतो. स्थानिक बेटांवर दारू नाही आणि पोहण्याच्या कपड्यांसाठी वेगळा किनारा असतो, हे आधीच ठाऊक असू द्या.

मालवण आणि कर्नाटकात मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाला मी सरावाची जागा मानतो. मालवणला पाणी अंदमानएवढं नितळ नसतं, पण पाण्याखाली श्वास घेताना आपल्याला घाबरायला होतं का, हे तिथे थोड्या पैशांत कळतं. तारकर्लीला एमटीडीसीची, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाची, प्रशिक्षण संस्थाही आहे.

हंगामाचं म्हणाल तर अंदमानला संक्रांतीनंतर ते गुढीपाडव्याच्या आसपासपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. समुद्र शांत, पाणी स्वच्छ. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की तिथे ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही पडतो आणि बंगालच्या उपसागरात वादळं त्याच सुमारास होतात. मेच्या मध्यापासून पावसाळा संपेपर्यंत नकोच. रब्बीची ज्वारी काढून मोकळे झालेल्यांना मार्च अगदी सोयीचा.

घरी करायची तयारी

बहुतेक लोक तिकीट काढतात आणि बाकी सगळं तिथे गेल्यावर बघू म्हणतात. मला विचाराल तर निम्मी सहल घरीच होते.

आधी ठरवा की एकदाच अनुभव घ्यायचाय की शिकायचंय. अनुभवाच्या डाइव्हला पोहता आलं नाही तरी चालतं; प्रशिक्षक हात धरून नेतो आणि १२ मीटरच्या खाली नेत नाही. त्यासाठी वय किमान १० लागतं. पण तीन-चार दिवस हाताशी असतील तर 'ओपन वॉटर' हा पहिला कोर्स करा. पाडी आणि एसएसआय या दोन संस्थांची प्रमाणपत्रं जगभर चालतात आणि ते मिळाल्यावर १८ मीटरपर्यंत जाता येतं. आपल्या भाषेत साधारण दहा परस. त्यानंतर कुठल्याही बेटावर गेलात तरी कुणी हात धरून नेत नाही. तुम्ही जोडीदाराबरोबर स्वतः पोहता. तो फरक फार मोठा आहे.

कोर्ससाठी न थांबता २०० मीटर पोहता यायला हवं आणि १० मिनिटं पाण्यावर तरंगता यायला हवं. वेगाची अट नाही. जवळ तरण तलाव असेल तर महिनाभर आठवड्यातून तीनदा जा. विहिरीवर सराव करत असाल तर दहा मीटर रुंदीची विहीर वीस वेळा आडवी पार केली की २०० मीटर होतात. मात्र काठावर पोहणारा माणूस उभा असल्याशिवाय उतरू नका.

विहिरीत शिकलेल्यांना दोन सवयी मोडाव्या लागतात. पहिली, श्वास रोखायची. बुडी मारताना आपण छाती भरून हवा घेतो आणि दाबून धरतो. स्कूबात हे सर्वांत धोक्याचं. १० मीटरवर भरून घेतलेली हवा वर येताना दुप्पट फुगते. श्वास रोखलेला असेल तर फुप्फुस फाटू शकतं. म्हणून पहिला नियम एकच: श्वास कधीही रोखायचा नाही, संथ घेत-सोडत राहायचा. दुसरी सवय हात मारायची. स्कूबात हात पोटाशी शांत ठेवायचे आणि काम पायांनी करायचं. हात हलवणारा माणूस दुप्पट हवा संपवतो आणि शेजारचं प्रवाळ मोडतो.

कानांचं मात्र विहीरवाल्यांना आधीच ठाऊक असतं. तळाशी जाताना कानात कळ येते, ती दोन-तीन मीटरवरच सुरू होते. नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं, म्हणजे कान मोकळे होतात. दुखायला लागल्यावर नाही, दुखायच्या आधीपासून, दर मीटरला. घरी दिवसातून दोन-चारदा हे करून बघा. एका बाजूचा कान मोकळा होत नसेल तर जायच्या महिनाभर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

डाइव्ह सेंटर एक आरोग्याचा फॉर्म देतं. दमा, फिट, हृदयविकार, फुप्फुसाची शस्त्रक्रिया, मधुमेह, रक्तदाब, कानाचं ऑपरेशन असं त्यात विचारलेलं असतं. एखाद्या प्रश्नाला 'हो' आलं तर बहुधा डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं आणि बेटावर त्यासाठी धावपळ करून दिवस जातो. फॉर्म आधी मागवा, घरच्या डॉक्टरांसमोर बसून भरा. काहीही लपवू नका. गरोदर असाल तर डाइव्ह नाही, स्नॉर्केलिंग करा, म्हणजे पाण्यावर तरंगत नळीतून श्वास घेत खाली बघा. सर्दी झाली तर त्या दिवशी उतरायचं नाही, मग पैसे गेले तरी.

कोर्सचं वाचन ऑनलाइन करता येतं. घरूनच करून टाका. बेटावरचा एक दिवस वाचतो.

डाइव्ह सेंटर कसं निवडायचं

फोन करा आणि विचारा. एका प्रशिक्षकामागे पाण्यात किती जण? अनुभवाच्या डाइव्हला एकाला एक असावा, शिकलेल्यांना चारच्या वर नको. बोटीवर ऑक्सिजन आणि प्रथमोपचाराची पेटी असते का? जवळचं रिकम्प्रेशन चेंबर, म्हणजे दाबाच्या आजारावर उपचार करायची खोली, कुठे आहे? कोर्समध्ये प्रत्येकाला डाइव्ह कॉम्प्युटर, म्हणजे खोली आणि वेळ मोजणारं मनगटी यंत्र, मिळतो का? हवामान बिघडलं तर पैसे परत की दुसरा दिवस? उत्तर देताना जो चिडतो किंवा "काही होत नाही साहेब" म्हणतो, तो माझ्या यादीतून बाद. जो उलट तुम्हालाच प्रश्न विचारतो, तब्येत, पोहणं, परतीचं विमान, त्याच्याकडे जा.

कोर्सचा खर्च अंदमानला तीस ते चाळीस हजारांच्या घरात धरून चाला आणि त्यात काय काय आलं ते लेखी मागवा: सामान, बोट, ऑनलाइन वाचन, प्रमाणपत्र. साध्या प्रवास विम्यात स्कूबा बहुधा वगळलेलं असतं, कागद नीट वाचा. डायव्हिंगचा वेगळा विमा घेणं मी तरी सोडत नाही.

प्रवास आणि दिवसांची मांडणी

नांदेड, देगलूर, उदगीर, लातूरकडच्यांना मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ. संभाजीनगर, जालना, परभणी पट्ट्यातल्यांनाही देवगिरी किंवा अजिंठा एक्स्प्रेसनं हैदराबादला उतरता येतं. तिथून किंवा चेन्नईहून विमान पकडा. चेन्नईहून दोन-सव्वादोन तास लागतात. बीड-धाराशिवकरांना पुणे बरं पडतं. श्रीविजयपुरमचा विमानतळ वीर सावरकरांच्या नावाचा आहे. तिथून स्वराज द्वीपला खासगी फेरीनं (प्रवासी बोटीनं) दीड ते अडीच तास. फेरीची तिकिटं विमानाबरोबरच काढा, नाताळात तर नक्कीच.

आठ दिवसांची मांडणी मी अशी करतो. आठवा दिवस सकाळच्या विमानाचा. सातवा कोरडा, श्रीविजयपुरममध्ये. सहाव्या दिवशी सकाळी शेवटच्या डाइव्ह, मुक्काम बेटावरच. तीन, चार, पाच कोर्स. दुसऱ्या दिवशी फेरीनं बेटावर, सेंटरला भेट, मास्क बसतो का बघणं. पहिला दिवस प्रवासाचा. सातवा दिवस कोरडा ठेवण्याचा आणखी एक फायदा: समुद्र खवळला तर फेऱ्या रद्द होतात, आणि बेटावर अडकून विमान चुकलेली माणसं मी पाहिली आहेत.

त्या कोरड्या दिवशी सेल्युलर जेल नीट, वेळ देऊन बघा. मराठी माणसानं तिथे घाईनं जाऊ नये. संध्याकाळी चिडिया टापूला सूर्यास्त. माउंट हॅरिएट, आताचा माउंट मणिपूर, मात्र त्या दिवशी नको. तो ३०० मीटरहून उंच आहे. तिथे जायचंच तर डाइव्ह सुरू व्हायच्या आधी जा.

स्वराज द्वीपवर खोली घेताना राधानगर किनाऱ्याचे फोटो बघून भुलू नका. तो किनारा खरंच देखणा आहे, पण तो सात नंबर. बहुतेक डाइव्ह सेंटर बेटाच्या दुसऱ्या बाजूला, तीन आणि पाच नंबरच्या किनाऱ्याकडे आहेत. खोली सेंटरपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर घ्या आणि राधानगरला एका संध्याकाळी जा. अंदमान आपल्यापेक्षा फार पूर्वेला असल्यानं घड्याळ तेच असलं तरी सूर्य तासाभराहून जास्त लवकर उगवतो आणि तेवढाच लवकर मावळतो. बोटी पहाटेच निघतात, म्हणून रात्री नऊला झोपायची तयारी ठेवा. एटीएम मोजकेच आहेत, थोडी रोकड जवळ असू द्या.

पिशवीत काय

सगळं सामान तिथे भाड्यानं मिळतं. स्वतःचं एकच घ्यायचं तर मास्क घ्या. पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवून नाकानं श्वास ओढा. मास्क चिकटून राहिला तर तो तुमचा. आपल्याकडच्या भरघोस मिशीतून मास्कमध्ये पाणी शिरतं. नाकाखालची एक बारीक पट्टी कातरून घेतली की मिशीही राहते आणि मास्कही बसतो. चष्मा असेल तर नंबरचा मास्क मिळतो, सेंटरला आधी नंबर कळवा.

बायकांनी पोहण्याच्या कपड्यांची चिंता करू नये; पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि लेगिंग्ज घालून वरून वेटसूट, म्हणजे डायव्हिंगचा रबरी पोशाख, चढवता येतो. दागिने मात्र घरी ठेवून या. पाण्यात बोटं आकसतात आणि अंगठी कधी निसटली ते कळत नाही; मंगळसूत्र पट्ट्यात अडकतं. घरात मोठ्यांशी याविषयी निघायच्या आधीच बोलून घ्या, बोटीवर नाही.

बोट लागण्याची भीती असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्या, पण ती एकदा घरी घेऊन बघा. काही गोळ्यांनी झोप येते आणि झोपाळलेल्या माणसानं पाण्याखाली जाऊ नये. पहाटे उपाशी उतरू नका आणि भरपेटही नको. आम्ही घरून धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी नेतो; धपाटे तीन-चार दिवस टिकतात आणि पहाटे एवढं पोटाला पुरतं. पाणी भरपूर प्या. डाइव्हच्या आदल्या रात्री दारू नको.

पाण्यात उतरल्यावर

वर येताना आपल्याच सर्वांत लहान बुडबुड्यापेक्षा हळू या, मिनिटाला ९ मीटरच्या आत. ५ मीटरवर ३ मिनिटं थांबा. जोडीदार नजरेआड होऊ देऊ नका. सिलिंडरमध्ये किती हवा उरली ते दर काही मिनिटांनी बघा आणि प्रशिक्षकानं विचारल्यावर खरा आकडा सांगा. घाबरायला झालं तर हातानं खूण करा; त्यात कमीपणा नाही, आणि चांगला प्रशिक्षक लगेच तुमच्याबरोबर वर येतो.

कशालाही हात लावू नका. प्रवाळ दगडासारखं दिसलं तरी ते जिवंत आहे आणि फार हळू वाढतं. शंख, प्रवाळाचे तुकडे घरी आणायचा मोह होतो. प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे आणि विमानतळावर पिशव्या तपासतात. किनाऱ्यावर पडलेलं असलं तरी तिथेच राहू द्या.

आणि रोज संध्याकाळी वही काढा. जागा, खोली, किती मिनिटं, खाली जाण्यासाठी किती किलो वजन कमरेला बांधलं, कोणता मास्क गळला, कान कुठल्या मीटरवर मोकळे झाले, हे लिहून ठेवा. खाऱ्या पाण्यात शरीर जास्त तरंगतं, त्यामुळे तलावात पुरलेलं वजन समुद्रात पुरत नाही आणि नेमका आकडा माणसागणिक वेगळा असतो. पुढच्या सहलीत नवा प्रशिक्षक पहिल्यांदा तोच विचारतो. माझ्या वहीच्या प्रत्येक सहलीच्या पहिल्या पानावर सर्वांत वर एकच ओळ असते, मोठ्या अक्षरात: परतीच्या विमानाची तारीख आणि वेळ, आणि तिच्याखाली त्यातून चोवीस तास वजा करून आलेली वेळ.